दुभाष्याचा तास

मला तासावर पैसे मिळतात. नियम दोनच:
काही गाळायचं नाही, पदरचं काही घालायचं नाही.

मेलबर्नमधलं इस्पितळ, सातवा मजला.
लिफ्टबाहेरच्या पाटीसमोर किरिया एवान्थिया
वॉकरला टेकून उभी, डोळे बारीक करून.
बोटीतून उतरून पंचावन्न वर्षं झाली,
इंग्रजी तिला ट्रामपुरतं येतं.
पण ही पाटी तिनं घडाघडा वाचली.

'कार्डिओलॉजी. कार्दिया, काळीज.
नेफ्रॉलॉजी. नेफ्रा, म्हणजे गुर्दे. ईस्टरला
खाटीक माझ्या वडिलांसाठी बाजूला काढून ठेवायचा.
डर्माटॉलॉजी...' इथं ती हसलीच.
'देर्मा म्हणजे चामडं रे! कॉलिंगवुडला, बुटांच्या कारखान्यात
सहा वर्षं कापलं मी. त्याला डॉक्टर कशाला?'
मग माझ्याकडे वळून, जरा दटावूनच:
'सगळं आमच्याच घरून उचललंय,
आणि म्हणे हिला भाषा येत नाही.'

पुढं भिंतीवर पोस्टर. हातात हात,
वर ठळक अक्षरांत: एम्पथी.
ती थबकली. आमच्याकडे एम्बाथिया म्हणजे आकस,
वर्षानुवर्षं मनात धरलेला.
'हे इथं उघड लिहून लावतात?'
शब्द परदेशी गेला की कधी कधी
नाव तेच ठेवतो आणि स्वभाव बदलतो.
हे मी तिला बोललो नाही. पदरचं झालं असतं.

डॉक्टर लॅथम हळू बोलतात, चांगल्या आहेत.
हायपर म्हणाल्या, मग हायपो.
मी तोंड उघडायच्या आत
तिनं हात आधी वर नेला, मग खाली.
अनीमिया म्हणाल्या.
'अन्' पुढं आला की मागचं गेलंच,
एवढं तिला कुणी शिकवावं लागत नाही.
'रक्त नाही. बरं. पुढं?'
मी नुसता बसून. मीटर चालू.

पुढं डायलिसिस होतं.

तिच्या पर्समधून रुमाल निघाला.
दिया, आरपार. लिसी, सोडवणं, सैल करणं.
पण गावाकडे दियालिसी कशाची होते?
बुडालेल्या दुकानाची. विटलेल्या लग्नाची.
गंजलेल्या बोटीची, पत्रा न् पत्रा सुटा करून विकतात तेव्हा.
तिच्या भावाच्या बोटीची पेरामाला झाली होती,
आठ दिवस किनाऱ्यावर नुसत्या फासळ्या.

'म्हणजे मला मोडीत काढणार,' ती म्हणाली.
'काय म्हणतात त्या?' डॉक्टरांनी विचारलं.
मी जसंच्या तसं सांगितलं. नियम आहे.
कुणीच काही बोललं नाही.

खरं तर या उपचाराला आमच्यात दुसरा शब्द आहे.
तो मला आधीच सुचायला हवा होता.
पण मी शनिवारच्या ग्रीक शाळेतून
मागच्या कुंपणावरून पळणारा पोरगा,
मला मिनिटभर लागलं.
एमोकाथार्सी, मी म्हणालो. एमा, रक्त...

'काथार्सी,' उरलेला तिनं पूर्ण केला
आणि रुमाल मांडीवर ठेवला.
काथारिस्त्रिया होती ती, सफाईवाली.
क्वीन स्ट्रीटवर अकरा मजले, रात्री दहा ते सहा,
अठ्ठावीस वर्षं.
या शब्दाची बादली कुठं ठेवतात
आणि फडकं कसं पिळतात, तिला पाठ.

'किती वेळ लागतो?'
'चार तास. आठवड्यातून तीनदा.'
'एवढा?' मग थोडं थांबून, 'पहिल्यांदा नीट करत असतील.
यंत्र कोण धुतं? रोज धुतं का? पाणी कुठलं?'
मी एकेक विचारत गेलो, डॉक्टर उत्तरं देत गेल्या.
आज पहिल्यांदा माझी कुणाला तरी गरज होती.

चाळीस मिनिटं झाली. तास पूर्ण धरतात.
मी फॉर्मवर सही करत होतो, तेव्हा तिनं
खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं
आणि डॉक्टरांसमोर धरलं.
डॉक्टरांनी बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.